तुळईची गिटार

या खेपेच्या टपालात सहा पत्रं एकाच विषयावरची निघाली: इलेक्ट्रिक गिटारची बॉडी रंगवून तिला तेल कसं द्यायचं. मी पॉलिशचं काम शिकलो ते दारं, पलंग आणि देव्हाऱ्यांवर. गिटार हातात आली ती फार उशिरा. पण लाकूड दाराचं असो की वाद्याचं, ते तेल पितं एकाच रीतीने. उमरीचं पत्र सगळ्यात लांब आणि मला सगळ्यात आवडलेलं, म्हणून त्याला जास्त जागा देतो. इतरांच्या निम्म्या शंका त्यातच मिटतील.

उमरी (जि. नांदेड) येथील वाचक लिहितात: आमचा जुना वाडा पडला. माजघरातली सागवानी तुळई मी अडवून ठेवली, बाकीचं लाकूड विकलं गेलं. गावातल्याच सुतारकाकांकडून तिच्यातून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापून घेतली, पिकअपच्या खाचांसकट. मान तयार आणली आहे. मला गडद लाल रंग हवा, पण लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत. काका म्हणतात, मेलामाइन मार, दोन दिवसांत चकाचक होईल. मला मात्र तेलाचंच हवं. सुरुवात कुठून करू? आणि पॉलिशने गिटारचा आवाज बदलतो का?

उत्तर: तुळई अडवलीत हे फार चांगलं केलंत. गावोगाव वाडे पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं सागवान जळणात जातं, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. नव्या लाकडाचा पहिला प्रश्न ओलीचा. जाडीच्या दर इंचाला वर्षभर सावलीत वाळवा, असा जुना हिशेब आहे. तुमच्या तुळईने तो कधीच पुरा केला आहे.

तुमच्यासारखंच काम एका सोळा वर्षांच्या इंग्रज मुलाने १९६३ साली वडिलांच्या मदतीने घरी सुरू केलं होतं. त्याचं नाव ब्रायन मे. त्याने गिटारची मान केली ती शंभरहून अधिक वर्षांच्या जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या मेहगनी लाकडातून. त्या लाकडाला किड्यांची भोकं होती, ती त्याने आगकाड्या ठोकून बुजवली. मानेवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, आणि स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. काम पुरं व्हायला जवळपास दोन वर्षं लागली. पुढे क्वीन या बँडमध्ये तो तीच गिटार वाजवत राहिला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. जुन्या लाकडाची गिटार जगाच्या मंचावर उभी राहते की नाही, ही शंका त्यामुळे मनातून काढून टाका.

आता कामाला लागू. आधी एक चुंबक घ्या आणि बॉडीवर सगळीकडून फिरवा. तुळईत जुने खिळे मोडून राहिलेले असतात. लोखंड आणि साग ओलाव्यात एकत्र आले की खिळ्याभोवती निळसर-काळा डाग पडतो, आणि पाण्यातला रंग लावताच तो आणखी उठून दिसतो. खिळा सापडला तर उकरून काढा. डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने पुसट होतो. ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर जागा दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा, आणि वाळल्यावर तिथे घासायचं झालं तर नाकातोंडाला कापड बांधून घासा.

ताजं कापलेलं सागवान चट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, कुठे हिरवट तर कुठे पिवळं. त्यावर लगेच रंग देऊ नका. चार-पाच दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात उलटसुलट ठेवा. तपकिरी-सोनेरी असा एकसारखा वर्ण आपोआप येतो. दुपारच्या उन्हात ठेवाल तर चिरेल.

मग घासणं. मानेच्या खाचेत दोन स्क्रूंनी एक लाकडी पट्टी बसवा. ती तुमची मूठ. घासताना, रंगवताना, तेल लावून टांगताना बॉडीला हात लावावा लागत नाही. पॉलिशपेपर लाकडी गुटक्याला गुंडाळून १२०, मग १८०, मग २२० नंबरने, नेहमी रेषांच्या दिशेने घासा. आडवा एक ओरखडा राहिला तरी रंग तो शोधून काढतो. बॉडीच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. तिथे रंग आणि तेल जास्त मुरून काळपट दिसतं, म्हणून तेवढा भाग ३२० ते ४०० पर्यंत न्या. संध्याकाळी दिवा बाजूला, बॉडीच्या पातळीत धरा. दिवसा न दिसलेले ओरखडे त्या तिरप्या उजेडात दिसतात.

शेवटच्या घासण्याआधी ओल्या फडक्याने सगळी बॉडी पुसा. लाकडाची लव उभी राहील, हाताला खरखर लागेल. वाळल्यावर झिजलेल्या २२० ने हलकेच घासा. हे आत्ता केलं नाही तर पाण्यातला रंग ती लव नंतर उठवेल, आणि मग घासायला गेलात तर रंगही निघेल. याच वेळी फेव्हिकॉलचे डागही दिसतात. ओल्या लाकडावर ते फिकट राहतात. पटाशीने खरवडून काढा. गोंद असेल तिथे रंग धरणार नाही.

सागवानाची आणखी एक गोष्ट. त्याच्या अंगात स्वतःचंच तेल असतं. म्हणूनच ते पाण्यात, वाळवीत टिकतं. पण म्हणूनच बाहेरून दिलेला रंग आणि तेल ते सहज घेत नाही. रंग द्यायच्या अर्धा तास आधी ॲसिटोन किंवा थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने बॉडी पुसून घ्या. फडकं पिवळं होईल, ते बदलत राहा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि आसपास देवाची समईसुद्धा पेटती नको.

रंग दोन जातीचे. एक पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळणारा. तो लाकडाच्या आत जातो आणि रेषा झाकत नाही. दुसरा म्हणजे दुकानात डब्यात मिळणारा वुड स्टेन. त्यात बारीक भुकटी असते, ती लाकडाच्या छिद्रांत बसते आणि जास्त चोपडली तर गढूळ दिसते. तुम्हाला रेषा हव्यात, तेव्हा पाण्यात विरघळणारा लाकडाचा रंग घ्या. पाच ग्रॅम रंग पाव लिटर गरम पाण्यात विरघळवा, गार करा, कपड्यातून गाळा. त्यावर येणारं तेल या रंगाला हलवत नाही, हा याचा मोठा गुण. रंगपंचमीचा किंवा कपड्याचा रंग वापरू नका. उन्हाने तो लवकर उडतो.

सागाचा मूळ वर्ण पिवळट-तपकिरी आहे, त्यावर नुसता लाल दिला तर विटकरी होतो. गडद लाल हवा तर आधी वॉलनटचा पातळ हात द्या, तो वाळल्यावर लाल. त्याच तुळईचा उरलेला तुकडा घेऊन हे आधी करून पाहा, तेलापर्यंत सगळं. दुसऱ्या सागवानावरचा नमुना चालणार नाही. हात देताना भरपूर भिजवा, एकही जागा मध्ये वाळू देऊ नका, आणि लगेच कोरड्या कापडाने रेषेच्या दिशेने पुसा. वाळल्यावर रंग मेल्यासारखा, खडूसारखा दिसेल. घाबरून दुसरा हात मारू नका! टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो, तोच तेलानंतर दिसणार. पसंत पडला तर पूर्ण एक दिवस वाळू द्या.

आता तेल. जवसाचं उकळलेलं तेल, जे रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड म्हणून मिळतं, ते एक भाग. चांगलं तेलावरचं व्हार्निश एक भाग. टर्पेंटाइन एक भाग. नुसतं जवसाचं तेल घामाला आणि पाण्याला फारसं अडवत नाही. व्हार्निशमुळे ते घट्ट होतं, टर्पेंटाइनमुळे आत जातं. सगळ्या बॉडीला मिळून शंभर-दीडशे मिलीपेक्षा जास्त लागत नाही. आतल्या खाचांमध्ये तांब्याची पट्टी चिकटवणार असाल तर तिथे तेल जाऊ देऊ नका, पट्टी धरणार नाही.

पहिला हात सढळ. जिथे लाकूड पिऊन कोरडं दिसेल तिथे पुन्हा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि मग सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं: कोरडं कापड फिरवल्यावर ते कोरडंच निघालं पाहिजे. तेल लावणं कुणालाही येतं. पुसण्यात माणूस कमी पडतो, कारण ओली बॉडी फार सुंदर दिसते आणि ती चमक पुसून टाकायला मन धजत नाही. ती चमक खोटी आहे. वर राहिलेलं तेल साय धरतं, साय चिकटते, चिकटलेल्यावर धूळ बसते. जे लाकडात गेलं तेवढंच तुमचं. तासाभराने पुन्हा बघा. छिद्रांतून तेलाचे थेंब परत वर आलेले दिसतील, तेही पुसा. सागाची छिद्रं मोठी असल्याने हे दोन-तीनदा करावं लागतं.

चोवीस तासांनी दुसरा हात, तो पातळ. असे पाच-सहा. मध्ये हात फिरवून खरखर लागली तर राखाडी नायलॉनच्या पॅडने हलकेच पुसा. लोखंडी लोकर वापरू नका, जरी सगळे सांगत असले तरी. तिचे बारीक तंतू छिद्रांत अडकतात आणि पुढे पिकअपच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. बॉडीला रंग दिलेला नसता, तर दुसरा हात ४०० नंबरच्या पेपरने ओला घासायला सांगितला असता. तेल आणि लाकडाच्या भुकटीचा लगदा छिद्रं भरतो आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो. रंगवलेल्या बॉडीवर हे केलं तर कडांवरचा लाल निघून पिवळं लाकूड दिसेल. तुमच्या गिटारची छिद्रं उघडीच राहू द्या. सागवान आहे हे त्यांच्यावरूनच ओळखू येतं.

शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे सावलीत टांगा, तारा लावायची घाई नको. माझ्या मते आपल्याकडे या कामाला ऑक्टोबर अखेर ते मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात तेल वाळता वाळत नाही, कधी बुरशी धरतं. मे महिन्यात वावटळीची धूळ दाराच्या फटीतूनही येते. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर कापसाच्या हंगामात खोलीला पडदा लावा, तंतू तेलावर हमखास बसतात.

आवाजाबद्दल. सतारीत, तंबोऱ्यात तबली थरथरते आणि तीच आवाज देते. तिच्यावर जाड थर दिला तर वाद्य दबतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचं कंपन थेट चुंबकाने टिपतो. पंचेचाळीस मिलिमीटर जाड लाकडावर तेल आहे की मेलामाइन, हा फरक स्पीकरमधून ओळखू येईल असं मला वाटत नाही. फरक हाताला कळतो. मेलामाइनचा थर लाकडावर बसतो, उजव्या कोपराला घामाने चिकटतो, आणि ठेच लागली की कपचा उडतो. मग सगळा थर खरवडण्यावाचून इलाज नाही. तेलाच्या बॉडीला खरचटलं तर तेवढंच घासा, रंगाचा ठिपका द्या, तेल चोळा, अर्ध्या तासाचं काम. सुतारकाकांना माझा नमस्कार सांगा. खिडकीच्या चौकटीला त्यांचाच सल्ला बरोबर आहे.

लातूरहून एक वाचक: घरच्या करडईचं घाण्याचं तेल बॉडीला तीन हात लावलं. तीन आठवडे झाले, अजून बोटाला चिकटतं. तेल शुद्ध आहे, भेसळ नाही. चुकलं कुठे?

उत्तर: शुद्धतेत काही चूक नाही. तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात त्याचं वजन वाढतंसुद्धा. हा गुण सगळ्या तेलांत सारखा नसतो. रसायनशास्त्रात तो आयोडीन मूल्यावरून मोजतात. जवसाचं मूल्य साधारण १७० ते २००, करडईचं १४० च्या आसपास, सोयाबीनचं १३० च्या अलीकडेपलीकडे, शेंगदाण्याचं शंभराच्या खाली-वर आणि खोबरेलाचं दहाच्या आत. शेंगदाणा आणि खोबरेल लाकडावर कधीच वाळणार नाहीत, पुढे खवट वास येईल. करडई वाळते, पण फार सावकाश. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात ती वापरतात, कारण जवसासारखी पिवळी पडत नाही. तिथे थर पातळ असतो आणि घाई नसते. तुम्ही मात्र एकावर एक तीन हात दिलेत.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या जाड्याभरड्या कापडाने वरचं चिकट सगळं पुसून काढा, गरज पडली तर भांडी घासायच्या हिरव्या जाळीने. मग पंधरा दिवस कोरड्या, वारा खेळत्या जागी टांगा. चिकटपणा गेला की डबल बॉइल्ड जवसाचे पातळ हात द्या. चटणीसाठी आणलेल्या जवसाचं घाण्याचं तेलही वाळतं, पण एका हाताला आठवडा-दोन आठवडे घेतं. ते घरी कढवून डबल बॉइल्ड होईल असं समजू नका. दुकानातल्या तेलात वाळवण्यासाठी मँगनीज, कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. चुलीवर तेल तापवून आग मात्र नक्की लागेल.

वसमतहून एक विद्यार्थी: आमच्या गावची हळद नावाजलेली. आंब्याच्या लाकडाच्या बॉडीला हळदीचा पिवळा रंग दिला तर टिकेल का?

उत्तर: पहिल्या दिवशी दृष्ट लागावी असा दिसेल, पण उन्हात ठेवाल तर काही दिवसांत फिका पडत जाईल. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. आईच्या पिवळ्या पडलेल्या पदराचा डाग दोरीवरच्या उन्हात उडतो, ते त्याचमुळे. पळसाच्या फुलांचंही तेच. पिवळा हवा असेल तर विकतचा लाकडाचा रंग घ्या.

घरगुतीच काही करायचं असेल तर काळा करा, तो टिकतो. हिरडा फोडून पाण्यात उकळा, गाळा, बॉडीला दोन हात द्या आणि वाळवा. दुसरीकडे व्हिनेगरमध्ये लोखंडी लोकर तीन दिवस भिजवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. ते पाणी कापडातून गाळून हिरड्यावर फिरवलंत की डोळ्यांसमोर लाकूड राखाडी, मग काळं होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून लाकडाच्या आतच काळं द्रव्य तयार होतं. श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर गूळ-पाण्यात लोखंड आंबवून कापडावर हेच करतात. बाभळीच्या अंगात टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल कातडं कमावायला वापरतात. तिला हिरडाही लागत नाही. आंब्याच्या अंगात ते कमी, म्हणून हिरडा हवाच. आंबा रंग ठिपक्याठिपक्याने पितो, तो धोका या काळ्यात कमी दिसतो. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

देगलूरहून एक ताई: माझा मुलगा घरात गिटारला तेल लावतो. वासाचं सोसते, पण तेलाच्या चिंध्या आपोआप पेटतात असं कुणी म्हणालं. खरं आहे का? आमचं घर लहान आहे, चिंध्या तो पलंगाखालच्या पिशवीत टाकतो.

उत्तर: ताई, खरं आहे, आणि ती पिशवी हे वाचून होताच बाहेर काढा. वर लिहिलं तसं हे तेल वाळताना ऑक्सिजन घेतं, आणि त्यात उष्णता निघते. बॉडीवर ती हवेत निघून जाते. गोळा करून ठेवलेल्या चिंध्यांत ती कोंडते, तापमान वाढतं, वाढलेल्या तापमानाने तेल आणखी वेगाने वाळतं, आणि काही तासांत ठिणगीशिवाय पेट घेतं. माझ्या शेडमध्ये एका मे महिन्यात दुपारी बादलीतून धूर निघाला होता. चिंध्या मीच सकाळी त्यात दाबून ठेवल्या होत्या. कुणी बाजूला नसतं तर शेड गेली असती. त्यानंतर मी कुणालाही तेल शिकवतो ते आधी चिंध्या शिकवून.

मुलाला सांगा, प्रत्येक चिंधी काम झाल्याबरोबर उलगडून अंगणात दोरीवर एकेक वेगळी वाळत घालायची, एकावर एक नाही. दोन-तीन दिवसांत कडक झाल्या की टाकून द्यायच्या. अंगण नसेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायच्या. घासलेल्या भुकटीत तेल असेल तर तिलाही हाच नियम. वासासाठी खिडकी उघडी असू द्या. स्वयंपाकघरात, गॅसजवळ हे काम नकोच. आणि एक, त्याला करू द्या. तो काहीतरी चांगलं शिकतो आहे.

उदगीरहून एक संगीतशिक्षक: मिरजेच्या सतारीवर जी मऊ झळाळी असते ती गिटारला आणता येईल का? ते तेल असतं की आणखी काही?

उत्तर: ती लाखेची झळाळी, तेलाची नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ थर चढवतात. बोळा अडकू नये म्हणून तेलाचा थेंब, एवढाच तेलाचा संबंध. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातले लोक मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारे. हत्यारांचा धंदा ओसरला तेव्हा संस्थानात येणाऱ्या गवयांच्या वाद्यांची दुरुस्ती करता करता ते वाद्यं घडवू लागले. तलवारीच्या पात्यावर बसलेला हात तुनाच्या लाकडावर आणि भोपळ्यावर आला. मला त्या कामाविषयी फार आदर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पॉलिशवाल्यांनीही पेढे खाल्ले.

गिटारला लाख देता येते, सुंदर दिसते. पण सतार मांडीवर अदबीने असते, गिटार खांद्याला लटकून घामाने भिजते. लाख साधारण पंचाहत्तर अंशांना वितळते, त्याच्या बरीच आधी मऊ होते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत गिटार राहिली तर पिशवीचं विणकाम बॉडीवर उमटेल. हाताला सॅनिटायझर लावून धरलीत तर बोटांचे ठसे कायमचे, कारण स्पिरिट हेच लाखेचं पाणी. घरीच वाजवायची असेल तर खुशाल द्या, पण खाली स्पिरिटमधला रंग देऊ नका, तो बोळ्याबरोबर निघून येतो.

किनवटहून एक वाचक: आमच्याकडे साग मुबलक, पण गिटार जड होते म्हणतात. शिवण किंवा आंबा चालेल का? शिसम कसं?

उत्तर: नेहमीच्या दोन शिंगांच्या बॉडीत, खाचा वजा जाता, साधारण चार लिटर लाकूड असतं. वाळलेलं साग घनमीटरला सुमारे ६५० किलो, म्हणजे बॉडी २.६ किलोच्या आसपास. शिवण ५०० धरली तर दोन किलो. आंबा सागाच्या जवळपासच. शिसम तीन किलोच्या वर जातं, बाभूळ त्याहूनही. दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा धरेल. माझी पसंती शिवणीला. फिकट आहे, सरळ आहे, रंग छान घेते, फक्त मऊ असल्याने लवकर खड्डे पडतात. शिसमाला तेल देणार असाल तर सावध राहा. त्याच्या अंगातली द्रव्यं तेलाला वाळूच देत नाहीत, महिनाभर चिकट राहतं. आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात आणि त्यावर तेल, असं केलं तर जमतं. लाकूड कुठलंही घ्या, डेपोची किंवा सॉमिलची पावती जपून ठेवा. सागाची वाहतूक परवान्याशिवाय होत नाही.

उमरीच्या वाचकांनी पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे: उरलेलं तेल पुढच्या वर्षी वापरता येईल का?

येईल, हवा लागू दिली नाही तर. अर्धी भरलेली बाटली ठेवली की वरच्या हवेने तेलावर साय येते आणि सहा महिन्यांत जेली होते. लहान काचेची बाटली घ्या, तीत तेल ओता, आणि तेल तोंडाशी येईपर्यंत खेळायच्या काचेच्या गोट्या एकेक करून सोडत जा. मग बूच घट्ट लावा.